बाहेरच्या खुणा 0.9 मिमीत जुळल्या, म्हणजे आतली गाठ जुळली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णाचा एमआरआय बाहेरच्या केंद्रात होतो आणि सीटी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात. डोक्याला ई-जीवनसत्त्वाच्या सहा कॅप्सूल खुणा (मार्कर) म्हणून चिकटवलेल्या असतात, बहुतेक कपाळावर आणि कानांच्या पुढे, कारण तिथे केस कापावे लागत नाहीत. दोन्ही स्कॅनमध्ये त्या सहा जागा टिपल्या की सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवून, म्हणजे जुळवणी करून, 0.9 मिमी चूक दाखवतं. गाठ लहान मेंदूत आहे, म्हणजे डोक्याच्या पार मागे. ती 0.9 मिमीच्या आत जुळली असं धरायचं का? आणि सहाऐवजी दहा मार्कर लावले तर आकडा आणखी सुधारेल का?

दोन्हींची उत्तरं आधीच देतो. तसं धरू नका. आणि दहा मार्कर लावलेत तर पडद्यावरचा आकडा बहुधा थोडा वाढेल, जुळवणी मात्र सुधारेल. ऐकायला हे विचित्र वाटतं. पण पडद्यावर दिसणारा आकडा वेगळा आणि तुम्हाला हवा असलेला आकडा वेगळा, आणि सॉफ्टवेअरला त्यांतला पहिलाच मोजता येतो.

या कामात तीन चुका वेगवेगळ्या धराव्या लागतात. पहिली, मार्करची जागा टिपण्यातली: कॅप्सूलचा खरा मध्य आणि आपण टिपलेला मध्य यांतलं अंतर. तिला एफएलई म्हणतात. दुसरी, जुळवणी झाल्यावर एमआरआयमधले मार्कर सीटीमधल्या आपापल्या जोडीदारापासून सरासरी किती लांब राहिले ती, म्हणजे एफआरई. तुमचा 0.9 मिमी हाच. तिसरी, जिथे काम करायचं त्या जागेवरची, टीआरई. गाठ, बायोप्सीची सुई, इलेक्ट्रोडचं टोक यांचा संबंध फक्त तिसरीशी येतो, आणि नेमकी तीच थेट दिसत नाही, कारण गाठीला कोणी कॅप्सूल चिकटवलेली नसते.

या तिघींचं नातं फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर या संशोधकांनी 1998 मध्ये सूत्रात मांडलं. टिपण्यातल्या चुका यादृच्छिक आणि सगळ्या दिशांना सारख्या आहेत असं धरलं, तर एफआरईचा वर्ग म्हणजे एफएलईच्या वर्गाला (1 − 2/मार्करांची संख्या) यानं गुणायचं. यात मार्कर कुठे लावलेत याचा पत्ताच नाही. टीआरईचं सूत्र मात्र जागेवरच उभं आहे. एफएलईचा वर्ग घ्यायचा, मार्करांच्या संख्येनं भागायचा, आणि मग त्याला (1 + एक तृतीयांश × तीन गुणोत्तरांची बेरीज) यानं गुणायचं. मार्करांच्या समूहाचे तीन मुख्य अक्ष असतात. प्रत्येक अक्षासाठी, लक्ष्याचं त्या अक्षापासूनचं अंतर भागिले मार्करांचं त्याच अक्षापासूनचं सरासरी अंतर, दोन्हींचे वर्ग, असं हे गुणोत्तर.

आता तुमचेच आकडे यात घालू. सहा मार्कर आणि एफआरई 0.9, म्हणजे एफएलई साधारण 1.1 मिमी. (एका रुग्णाच्या एफआरईवरून एफएलई काढणं कच्चं असतं. वीस-पंचवीस रुग्णांच्या एफआरईच्या वर्गांची सरासरी घेऊन काढा. इथे हिशेब दाखवण्यापुरतं चालेल.) समजा सहाही मार्कर डोक्याच्या पुढच्या बाजूला आहेत. त्यांच्या मध्यापासून त्यांचा पसारा आडवा 45 मिमी, पुढे-मागे 15 मिमी आणि वर-खाली 30 मिमी, आणि गाठ त्या मध्यापासून 140 मिमी मागे. सूत्रात घाला, टीआरई 1.4 मिमी येते. तेच सहा मार्कर डोक्याभोवती पसरून लावले, पसारा अनुक्रमे 55, 65 आणि 40 मिमी झाला आणि त्यांचा मध्य मागे सरकल्यामुळे गाठ 70 मिमीवर आली, तर टीआरई 0.55 मिमी. दोन्ही वेळा पडद्यावर अपेक्षित आकडा तोच, 0.9.

कारण सोपं आहे. पुढच्या बाजूच्या लहानशा पट्ट्यात मार्कर असले की टिपण्यातल्या बारीक चुकांमुळे डोकं किंचित फिरलेलं जुळतं. 1 अंशाचा फिरकफरक 100 मिमी अंतरावर 1.75 मिमी होतो. मार्कर मात्र फिरण्याच्या केंद्राजवळच असल्यामुळे त्यांना तो फारसा जाणवत नाही.

संख्येचाही हिशेब करून टाकू. एफएलई 1.1 धरली तर तीन मार्करांना एफआरई 0.64 मिमी येईल, चारांना 0.78, सहांना 0.9, दहांना 0.98. वर सांगितलेल्या पुढच्या बाजूच्या मांडणीत टीआरई याच्या उलट उतरत जाते: तीन मार्करांना जवळपास 2 मिमी, दहांना 1.1. म्हणून ‘सगळ्यात जास्त चूक दाखवणारा मार्कर काढून टाका, आकडा सुधारतो’ ही जी सर्रास सवय दिसते, ती घातक आहे. आकडा सुधारणारच, सगळ्यात जास्त चुकणारा मार्कर काढला की तो नेहमीच सुधारतो. मार्कर काढायला वेगळं कारण लागतं: तो निखळला होता, हेडरेस्टखाली दाबला गेला होता, स्कॅनमध्ये अर्धाच आला होता. असं कारण सापडलं नाही तर तो राहू द्या. 2009 मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. याच गृहीतकांखाली एकाच रुग्णाच्या एका जुळवणीत एफआरई आणि टीआरई यांचा एकमेकींशी संबंधच नसतो. आज आकडा 0.6 आला आणि काल 1.3 आला होता, एवढ्यावरून आजची जुळवणी कालच्यापेक्षा चांगली म्हणता येत नाही.

इथवरचं सगळं यादृच्छिक चुकांचं झालं. त्वचेवरच्या मार्करांचं खरं दुखणं वेगळं आहे. एफआरई फक्त मार्करांमधला आपापसातला बेबनाव मोजते. सगळे मार्कर मिळून एकाच दिशेला चुकले तर ते आपापसात छान जुळतात आणि आकडा स्वच्छ दिसतो. तुमच्या मांडणीत असं घडायला निदान तीन वाटा आहेत.

पहिली वाट कॅप्सूलमधल्या तेलाची. एमआरआय यंत्र पाण्याच्या वारंवारतेवर लावलेलं असतं. चरबी आणि तेलाची वारंवारता त्यापेक्षा सुमारे 3.5 पीपीएम (दहा लाखांत साडेतीन भाग) कमी असते: 1.5 टेस्लावर साधारण 220 हर्ट्झ, 3 टेस्लावर 440. यंत्र वारंवारतेवरूनच जागा ठरवत असल्यामुळे तेल चित्रात सरकून दिसतं. किती सरकतं ते बँडविड्थवर, म्हणजे एका पिक्सेलला किती हर्ट्झ दिलेत यावर अवलंबून. प्रति पिक्सेल 200 हर्ट्झ आणि पिक्सेल 1 मिमीचा असेल, तर 1.5 टेस्लावर 1.1 मिमी आणि 3 टेस्लावर 2.2 मिमी. सहाही कॅप्सूल सारख्याच दिशेनं, सारख्याच अंतरानं सरकतात. मेंदू जागेवर, सीटीही जागेवर. जुळवणी करणारं गणित निमूटपणे सगळा मेंदू 2 मिमी सरकवून ठेवतं आणि एफआरईमध्ये त्याचा मागमूस उरत नाही.

हे तपासायचं कसं? कोणत्या दिशेनं सरकतं ते फ्रिक्वेन्सी एन्कोडिंगची दिशा (ज्या दिशेत यंत्र वारंवारतेवरून जागा ठरवतं ती) सांगते, आणि ती प्रोटोकॉलनुसार बदलते, म्हणून गृहीत धरू नका, स्कॅनच्या माहितीत पाहा. फँटमवर (रुग्णाऐवजी स्कॅन करायची चाचणीची वस्तू, इथे पाण्याची बाटली) चार कॅप्सूल चिकटवा आणि तीच मालिका, म्हणजे तोच एमआरआय स्कॅन, फ्रिक्वेन्सीची दिशा उलटी करून दोनदा घ्या. कॅप्सूलच्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे सरकण्याच्या दुप्पट. उपाय दोन. एक तर बँडविड्थ वाढवा, 400 हर्ट्झ केली की सरकणं निम्मं होतं, त्या बदल्यात चित्र थोडं दाणेदार होतं. नाहीतर तेल सोडून पाण्याच्या आधारावरचा मार्कर वापरा, म्हणजे कॉपर सल्फेटच्या पातळ द्रावणानं भरलेली बारीक बंद नळी किंवा पाणीदार जेलचे तयार मार्कर. तयार मार्कर घेताना आत तेल आहे की जेल, हे विक्रेत्याला विचारून घ्या. एक जाता जाता: फॅट सप्रेशन (चरबीचा संकेत दाबणं) चालू असलेल्या मालिकेत तेलाची कॅप्सूल दिसेनाशीच होते, आणि मग ‘मार्कर पडले’ म्हणून रुग्णाचं डोकं चाचपलं जातं.

दुसरी वाट मार्करच्या जाडीची. ही एमआरआय-सीटी जुळवणीत येत नाही, पण पुढे शस्त्रक्रियागृहात नॅव्हिगेशनच्या (उपकरणाची जागा स्कॅनवर दाखवणाऱ्या प्रणालीच्या) पॉइंटरनं रुग्णाच्या डोक्यावर तेच मार्कर टिपायचे असतील तर येते. मध्ये छिद्र असलेला कड्यासारखा मार्कर साधारण 3.5 मिमी जाड धरा. सॉफ्टवेअर कड्याचा वजनमध्य (सरासरी मध्यबिंदू) काढतं, म्हणजे त्वचेपासून पावणेदोन मिमी वर. पॉइंटरचं टोक छिद्रातून थेट त्वचेला टेकतं. मार्कर डोक्याभोवती सर्व बाजूंना असतील तर या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना काटतात. सगळे एकाच बाजूला असतील तर काटायला कोणी नसतं आणि अख्खी जुळवणी त्या बाजूनं पावणेदोन मिमी सरकते. नॅव्हिगेशन प्रणालीत मार्करचा प्रकार निवडायची सोय असते ती यासाठीच. तिथे दुसऱ्याच मार्करचं नाव निवडलेलं आढळणं अगदी नेहमीचं.

तिसरी वाट त्वचेची, आणि सगळ्यात बेभरवशाची. कवटीवरची कातडी उशीच्या सैल अभ्र्यासारखी असते. उशी जागची हलत नाही, पण अभ्रा हाताखाली सरकतो. एमआरआयच्या कॉइलमधली (डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यातली) गादी वेगळी, सीटीचा खोलगट हेडरेस्ट वेगळा. उताणं झोपल्यावर मागची कातडी डोक्याच्या वजनानं दाबली जाते, आणि रुग्णाला वर-खाली सरकवून नीट झोपवताना ती ओढलीही जाते. कपाळाचं वेगळंच: भुवया उंचावल्या की कपाळाची कातडी काही मिलिमीटर वर जाते, आठ्या पाडल्या की खाली. एमआरआयच्या बोगद्यात घाबरून आठ्या पाडून पडलेला रुग्ण आणि सीटीत निवांत पडलेला तोच रुग्ण यांच्या कपाळावरच्या चारही कॅप्सूल एकाच दिशेनं हललेल्या असू शकतात. कानांच्या पुढची जागा जबड्याच्या सांध्यावर येते. दात आवळले, तोंड उघडं राहिलं की तिथला मार्कर हलतो.

तेव्हा तुमच्या बाबतीत मुख्य अडचण मार्करांची संख्या नाही. ते सगळे लक्ष्यापासून दूर, एकाच बाजूला आणि हलणाऱ्या कातडीवर आहेत, आणि त्यात तेल आहे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी सूत्रात येतात, उरलेल्या दोन सूत्रातही येत नाहीत.

मार्कर कुठे लावायचे ते रुग्ण कसा झोपणार आणि गाठ कुठे यावर ठरतं. साधारण विचार असा. कानामागचं हाड, मॅस्टॉइड, ही सर्वांत भरवशाची जागा, कारण तिथे कातडी पातळ आणि हाडाला घट्ट असते. दोन्ही बाजूंना एकेक लावा, पण एक दुसऱ्यापेक्षा सेंटिमीटरभर वर. एमआरआयचे हेडफोन नेमके तिथेच दाबतात, म्हणून कानात बोंडं घालून वरून स्पंज लावायला तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा. कपाळावर लावायचे तर भुवयांजवळ नको, वर केसांच्या रेषेपाशी. टाळूजवळ एक किंवा दोन, मध्यरेषेपासून थोडे बाजूला. डोक्याच्या वरच्या-मागच्या उतारावर एकेक, पण हेडरेस्ट टेकतो त्या जागेच्या वर. मानेची घडी, गाल, कानाची पाळी टाळा. मांडणी दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखी नको. सारखी असली की डाव्या-उजव्या मार्करांची नावं अदलाबदल होऊनही बऱ्यापैकी आकडा येऊ शकतो आणि चूक लक्षात येत नाही. सगळे एका पातळीत, पट्टी बांधल्यासारखे गोल लावणंही टाळा. सहा हे किमान धरा, आठ-दहा उत्तम. दहाच्या पुढे मिळणारा फायदा झपाट्यानं घटतो, कारण चूक संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते.

केस कापायची नाखुशी समजण्यासारखी आहे, विशेषतः बाईमाणूस असेल तर. पण रुपयाच्या नाण्याएवढी जागा पुरते आणि वरचे केस ती झाकतात. तेवढीही नको असेल तर केसांचा भांग पाडून कातडी उघडी करा. केसांवर चिकटवलेला मार्कर हा मार्करच नव्हे. आपल्याकडे डोक्याला तेल लावलेलं असतं, त्यावर कोणतीही चिकटपट्टी टिकत नाही. आदल्या दिवशी शांपूनं डोकं धुऊन यायला सांगा, मग जागा स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि घाम येणारा रुग्ण असेल तर टिंक्चर बेंझॉइनचा (चिकटपणा वाढवणाऱ्या द्रवाचा) हात फिरवा. चिकटवल्यावर कातडीवर शस्त्रक्रियेच्या पेननं मार्करभोवती गोल काढा. कड्याचा मार्कर असेल तर छिद्रातही ठिपका द्या. मार्कर निखळला तरी जागा सापडते. प्रत्येक मार्करला क्रमांक द्या आणि डोक्याचे समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. दोन केंद्रांत, दोन दिवसांत स्कॅन होणार असतील तर मधली रात्र हीच मोठी जोखीम. सीटी आणि एमआरआय एकाच दिवशी करता आले तर त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

स्कॅनच्या बाजूनं: सीटीत काप 1 मिमी किंवा त्याहून पातळ, सलग, गँट्रीचा (यंत्राच्या कड्याचा) कल शून्य. 5 मिमी कापांवर मार्करचा मध्य उभ्या दिशेनं कुठे आहे हे धड कळतच नाही. एमआरआयमध्ये 1 मिमीची त्रिमित टी-1 मालिका घ्या. डिफ्यूजन किंवा इतर ईपीआय (अतिजलद) मालिकेवर मार्कर टिपू नका, तिथे हवेच्या कडेनं चित्र ताणलं-आवळलं जातं आणि त्वचेवरचा मार्कर नेमका हवेच्या कडेलाच असतो. डोक्याच्या बाहेरच्या कडेवर ग्रेडियंटच्या (जागा ठरवणाऱ्या चुंबकीय उताराच्या) अरेषीयतेचाही परिणाम मेंदूच्या मध्यापेक्षा जास्त असतो. यंत्रात त्याची दुरुस्ती असते, पण ती फक्त कापाच्या पातळीत केली आहे की तिन्ही दिशांना, हे पाहा. तिन्ही दिशांना हवी. आणि पिक्सेलचं माप खरं आहे ना, हेही फँटमवर अधूनमधून मोजा. एसीआरच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या) मोठ्या फँटमचा आतला व्यास 190 मिमी असतो. मापात एक टक्क्याची चूक असेल तर डोक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 2 मिमीचा फरक पडतो.

टिपताना माउसनं अंदाजे मध्यावर क्लिक करण्यापेक्षा तीव्रतेनं भारित वजनमध्य काढा. मार्कर प्रत्येक दिशेला निदान तीन-चार व्हॉक्सेल (त्रिमित पिक्सेल) रुंद असेल तर वजनमध्य व्हॉक्सेलच्या अंशापर्यंत अचूक मिळतो. कॅप्सूलची अडचण अशी की सीटीत तेल उणे 100 हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेच्या एककाच्या) आसपास, हवा उणे 1000, आणि कॅप्सूल कातडीला चिकटलेली. एकच उंबरठा लावला तर ती कातडीपासून सुटत नाही आणि मध्य डोक्याकडे ओढला जातो. फक्त चित्र-चित्र जुळवणी करायची असेल तर कॅप्सूलखाली दुहेरी चिकटपट्टीचा पातळ फोम द्या, ती सुटी दिसते. कॅप्सूलमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर ती बाजूला ठेवा. बुडबुडा नेहमी वरच्या अंगाला जातो, आणि रुग्ण एका स्कॅनमध्ये उताणा व दुसऱ्यात कुशीवर असेल तर वजनमध्य बदलतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट आवर्जून तपासा: जुळवणी दृढ आहे का, म्हणजे फक्त सरकवणं आणि फिरवणं, मिळून सहा अज्ञात. त्याच डोक्याच्या दोन स्कॅनसाठी मोठं-लहान करण्याची किंवा तिरपं ताणण्याची मुभा देऊ नका. ॲफाइन जुळवणीत बारा अज्ञात असतात. एका पातळीत नसलेल्या चार मार्करांवर ती कायम शून्य एफआरई दाखवते, मार्कर कितीही चुकीचे टिपलेत तरी. थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे दृढ, मोठं-लहान करण्यासह आणि वाकवून असे पर्याय शेजारी-शेजारी असतात, दृढच निवडा. स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर दोन सापळे आहेत. डायकॉम आणि निफ्टी हे चित्रांच्या फायलींचे दोन प्रकार. डायकॉममध्ये अक्ष डावीकडे आणि मागे वाढतात, निफ्टीमध्ये उजवीकडे आणि पुढे, म्हणून पहिल्या दोन अक्षांची चिन्हं बदलावी लागतात. आणि एसव्हीडीनं (मॅट्रिक्सचे घटक पाडण्याच्या रीतीनं) फिरवणी काढताना डिटर्मिनंट उणे एक आलं तर ते आरशातलं प्रतिबिंब असतं. एसव्हीडीतल्या V मॅट्रिक्सच्या शेवटच्या स्तंभाचं चिन्ह बदलून फिरवणी पुन्हा काढायची.

आता जे खरं तर आधी विचारायला हवं: सीटी आणि एमआरआय एकमेकांशी जुळवायला तुम्हाला त्वचेवरचे मार्कर हवेतच कशाला? दोन्हींत तीच कवटी आणि तोच मेंदू पूर्ण दिसतो. म्युच्युअल इन्फॉर्मेशनवर, म्हणजे एका चित्रातल्या छटांवरून दुसऱ्यातल्या छटा किती ओळखता येतात यावर, आधारित जुळवणी 1990च्या दशकाच्या मध्यापासून आहे आणि ती लाखो व्हॉक्सेलच्या आधारावर चालते, सहा ठिपक्यांच्या नाही. कातडी सरकली तरी तिला फारसं बिघडत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं अशा पद्धतींची आंधळी परीक्षा घेतली होती, तिचे निकाल 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या कवटीच्या हाडात मार्कर बसवून स्कॅन घेतले, चित्रांमधून मार्करांच्या खुणा पुसल्या, आणि ती चित्रं निरनिराळ्या गटांना जुळवायला दिली. म्हणजे प्रमाण म्हणून त्यांनाही हाडातले मार्कर घ्यावे लागले, कातडीवरचे नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: चित्र-चित्र जुळवणी म्युच्युअल इन्फॉर्मेशननं करा, सहा अज्ञातांची, आधी जाड आणि मग बारीक विभेदनावर. जबडा आणि मान सॉफ्टवेअरमध्ये मुखवटा (मास्क) लावून हिशेबातून वगळा, कारण दोन स्कॅनमध्ये त्या वेगळ्या स्थितीत असतात. मार्कर फेकू नका. त्यांची जुळवणी सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा, म्हणजे बारीक जुळवणी भलत्याच जागी अडकत नाही. स्कॅनमध्ये डोक्याचा थोडाच भाग आला असेल तर हे अडकणं जास्त होतं. मार्करांवाचून गत्यंतर नसण्याच्या जागा वेगळ्या आहेत: शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या डोक्याशी स्कॅन जुळवणं, एमईजी (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं) किंवा टीएमएस (चुंबकानं मेंदू उद्दीपित करणारं) यांसारखी उपकरणं, आणि पेट किंवा स्पेक्ट या किरणोत्सारी द्रव्याच्या स्कॅनमध्ये चित्रात शरीररचना जवळपास दिसतच नसेल तेव्हा.

जुळवणी कोणत्याही रीतीनं केलीत तरी ती पाहून मान्य करा. सीटीतल्या हाडाच्या कडा एमआरआयवर रेषेनं टाका आणि लक्ष्याजवळच्या, दोन्हींत दिसणाऱ्या, आतल्या खुणा तपासा. तुमची गाठ लहान मेंदूत आहे, म्हणून कानाच्या आतला शंख आणि अर्धवर्तुळाकार नलिका उत्तम. सीटीत त्या हाडातल्या पोकळ्या म्हणून दिसतात, त्रिमित टी-2 एमआरआयमध्ये पांढऱ्या द्रवानं भरलेल्या. दोन्ही बाजूंच्या तपासा, एकीकडे जुळतंय आणि दुसरीकडे नाही तर फिरकफरक आहे. सेला (पीयूषिका ग्रंथीचा हाडातला खळगा), आंतरकर्ण नलिका (आतल्या कानाच्या नसांची वाट) आणि मेंदूच्या पोकळ्यांच्या कडाही पाहा. कातडीची कड जुळली याला काही किंमत देऊ नका.

मार्करांच्याच जुळवणीची अचूकता मोजायची असेल तर एकेक मार्कर आळीपाळीनं बाहेर ठेवून उरलेल्यांवर जुळवणी करा आणि बाहेर ठेवलेला किती चुकतो ते मोजा. या आकड्यात त्या मार्करची स्वतःची टिपण्यातली चूकही मिसळलेली असते, म्हणून वर्ग घेऊन एफएलईचा वर्ग वजा करा. ही चाचणीही तेलाचं एकदिश सरकणं पकडत नाही. आणि प्लास्टिकच्या कवटीच्या फँटमवर अर्ध्या मिलिमीटरची अचूकता मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका, प्लास्टिकला सैल कातडी नसते.

शस्त्रक्रियागृहातली जुळवणी हा वेगळा विषय, पण तुमचा प्रवास तिथेच चाललाय म्हणून थोडं. त्वचेवरच्या चिकट मार्करांनी लक्ष्यावर साधारण 2 ते 4 मिमी चूक धरून नियोजन करा, हाडात बसवलेल्या स्क्रूंनी 1 मिमीच्या आसपास. डोकं क्लॅम्पच्या (स्थिर धरणाऱ्या पकडीच्या) टोकांत पकडल्यावर कातडी ओढली जाते, म्हणून मार्कर क्लॅम्प आवळून झाल्यावरच टिपा, आणि टोकांच्या अगदी जवळचा मार्कर वगळा. हे वगळायचं वैध कारण आहे. संदर्भाचा तारा (डोक्याची जागा नॅव्हिगेशनच्या कॅमेऱ्याला सांगणारी चौकट) क्लॅम्पलाच बांधा, टेबलाला नको. लहान मेंदूसाठी रुग्ण बहुधा पालथा असेल. स्कॅन उताणा, शस्त्रक्रिया पालथी, म्हणजे मागची दाबलेली कातडी मोकळी झाली आणि चेहऱ्याची खाली ओघळली. अशा वेळी कपाळावरचे मार्कर हाताला लागतही नाहीत. मॅस्टॉइड आणि टाळूवरचे असतील तर काम भागतं. चेहऱ्यावर लेझर फिरवून केलेली जुळवणीही याच अडचणीत येते: बिंदू शेकडो असले तरी सगळे पुढच्या बाजूचे आणि लक्ष्य मागे. ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडल्यावर मेंदू स्वतःच सरकतो, काही मिलिमीटर ते कधीकधी 1 सेंमी, आणि तो कोणत्याही मार्करला दिसत नाही.

म्हणून नोंदवहीत नुसतं ‘एफआरई 0.9’ लिहू नका. किती मार्कर, कुठे, कोणता वगळला आणि का, एमआरआयची बँडविड्थ किती, आणि शंखापाशी डावीकडे-उजवीकडे किती फरक दिसला, हे लिहा. शंखापाशी 2 मिमीहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. आधी म्युच्युअल इन्फॉर्मेशननं परत जुळवा, आणि तरीही फरक राहिला तर सीटी नव्यानं करायला सांगा. तुमच्या मांडणीत पुन्हा करायला तीच सोपी आहे.